काचेची तार जोडणारा

नळदुर्गहून जळकोटकडं जाताना रस्त्यालगतच्या एखाद्या शेतात, भर उन्हात, छत्री आडवी टेकवलेली आणि तिच्यावरून जुनी साडी सोडलेली दिसली, की समजावं आत श्रीशैल बसलाय. नव्या माणसाला वाटतं, कुणाला तरी ऊन लागलंय. ट्रकवाले गाडी हळू करून विचारतात, काय झालं म्हणून. तो साडीतून एक हात बाहेर काढून 'जावा' अशी खूण करतो. तोंड बाहेर काढत नाही, कारण तेव्हा त्याच्या दुसऱ्या हाताच्या चिमटीत काचेचा धागा असतो.

तो केबल जोडतो. जमिनीखालून ग्रामपंचायतींकडं इंटरनेटची जी केबल गेली आहे, तिच्या पोटात केसाएवढे बारीक काचेचे धागे असतात. केबल तुटली की एकेका धाग्याची दोन्ही टोकं सोलायची, स्पिरिटनं पुसायची, सरळ कापायची आणि एका लहान मशीनमध्ये समोरासमोर ठेवून वितळवून एक करायची. मधे धुळीचा कण आला की जोड वाया. आपल्याकडं शिमग्याच्या आसपास रानात जो वारा सुटतो, त्यात हे काम उघड्यावर होत नाही. म्हणून छत्री आणि म्हणून साडी. साडी त्याच्या बायकोची, महानंदाची. ती घरी शिवणकाम करते. साडीला चारी टोकांना नाड्या तिनंच शिवून दिल्यात, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही.

श्रीशैलचे वडील धोंडप्पा यांची उभी हयात हायवेवरच्या ढाब्यावर, भट्टीपुढं गेली. घरात कानडी, गल्लीत मराठी आणि ढाब्यावर हिंदी, अशा तिन्ही भाषा पोराच्या तोंडात लहानपणीच बसल्या. आयटीआय करून तो पुण्याला भोसरीत एका कारखान्यात लागला होता. धोंडप्पांची नजर गेली तेव्हा परत आला. त्या वेळी हायवेच्या कडेनं एका फोन कंपनीची केबल टाकायचं काम चाललं होतं. त्या टोळीत एक तेलुगू कारागीर होता. श्रीशैल रोज त्याच्याजवळ जाऊन बसायचा. त्या माणसानं आधी त्याला हाकललं, मग दुर्लक्ष केलं आणि एके दिवशी जोडायचं मशीन त्याच्यापुढं सरकवलं. पुढं ग्रामपंचायतींच्या केबलची देखभाल एका कंपनीनं घेतली, तिला असा माणूस हवाच होता. नळदुर्गच्या खालच्या अंगाची काही गावं त्याच्या वाट्याला आली. त्यातलं एक बोरनळी.

बोरनळी तसं लहानच गाव. ग्रामपंचायतीचं ऑफिस मारुतीच्या देवळाला लागून. तिथं बब्रुवान नावाचा ऑपरेटर बसतो. पूर्वी दाखला हवा असला की ग्रामसेवकाला गाठायचं, तो रजिस्टर काढणार, शिक्का मारणार. आता जन्माची नोंद, मरणाची नोंद, घरपट्टी, नळपट्टी, घरकुलाचे फोटो, ठेकेदाराचं बिल, सगळं कॉम्प्युटरवर. आणि कॉम्प्युटर त्या केबलवर. केबल बंद पडली की बब्रुवान स्वतःच्या मोबाइलवर नेट लावून बघायचा, पण बोरनळी खोलगटात असल्यानं रेंज येता-येता जायची. लोक ओट्यावर बसून राहायचे. त्यांना केबल दिसत नव्हती, बब्रुवान दिसत होता. शिव्या तोच खायचा.

ही केबल त्या वर्षी सारखी तुटायला लागली.

संक्रांत झाली आणि पहिल्यांदा तुटली. श्रीशैलकडं एक मशीन असतं. ते एका टोकाला लावलं की केबल किती अंतरावर तुटलीय ते सांगतं. मशीननं बोरनळीच्या शिवारातली जागा दाखवली, गावाच्या अलीकडं, एका ओढ्याच्या पुलापाशी. श्रीशैलनं उकरलं, जोडलं, उंदरानं कुरतडली असेल म्हणून लिहून दिलं. पुढच्याच पंधरवड्यात परत तिथंच. या वेळी त्याला वाटलं, नांगराचा फाळ लागला असणार. कारण त्या जागी केबल पुरेशी खोल नव्हतीच. खाली खडक लागला म्हणून टाकणाऱ्यांनी वीतभर मातीतच पुरून पुढचा रस्ता धरला होता. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा त्यानं टोक नीट पाहिलं. उंदराचे दात नव्हते, फाळाची ओढ नव्हती. धारदार पात्यानं एका घावात केलेला काप होता. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. नुसतं जोडलं.

त्या शेताची मालकीण शिवम्मा. साठी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. नवरा वारून बरीच वर्षं झाली, मुलगा सोलापुरात बस चालवतो. रस्त्याच्या वरच्या अंगाला तिचं मोठं रान आणि विहीर, खालच्या अंगाला एक तुकडा. सगळं ती स्वतः बघायची, गडी लावून, गड्याच्या आधी रानात जाऊन. श्रीशैल आला की ती तांब्या भरून पाणी आणून द्यायची आणि बांधावर बसून त्याचं काम बघायची.

"किती वेळ लागंल?" ती विचारायची.

"दोन तास तर लागतील, अव्वा."

"आन् मग समद्या गावात चालू होतंय?"

"व्हय. पुढच्या गावांत बी."

ती नुसती मान हलवायची. श्रीशैलला तिचा आधार वाटायचा. बाकीचे शेतकरी केबलचं नाव काढलं की वैतागायचे. ही बाई निदान पाणी विचारते.

एकदा ती साडीच्या आडोशापाशी येऊन वाकून बघत होती. धाग्याची टोकं कापली की काचेचे बारीक तुकडे पडतात. श्रीशैल ते तुकडे चिमट्यानं उचलून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकत होता.

"ते कशाला गोळा करतोस?"

"काच हाय अव्वा ही. पायात गेली तर दिसत न्हाई आन् निघत बी न्हाई. तुमच्या रानात बाया अनवाणी खुरपायला येतात."

शिवम्मानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग तांब्या उचलून घराकडं गेली. त्या दिवशी किती वेळ लागेल, हेही तिनं विचारलं नाही.

मार्च उजाडला. मार्च म्हणजे ग्रामपंचायतीत नुसती धांदल. वर्षाचे हिशेब मिटवायचे, बिलं ऑनलाइन काढायची, वसुली भरायची. नेमक्या त्या दिवसांत केबल पुन्हा तुटली. हरिबा नावाचा एक म्हातारा बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा येऊन ओट्यावर बसला होता. बायकोच्या नावावरचं घर त्याला मुलांच्या नावानं करायचं होतं. बब्रुवाननं "नेट न्हाई" म्हटलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो तिथंच बसून राहिला. बब्रुवाननं श्रीशैलला फोन लावला. "भाऊ, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "हे असं बसलेलं बघवत न्हाई."

तालुक्याला गटविकास अधिकारी होते कृष्णराज देशमाने. चाळिशीतले, फोनवर बोलून बोलून घसा बसलेला. त्यांचीही अडचण होती. दर आठवड्याला वरच्या साहेबांची व्हिडिओवर बैठक व्हायची आणि पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा यायचा. ज्या गावात नेट चालू तिथं हिरवा ठिपका, बंद तिथं लाल. देशमान्यांच्या तालुक्यात बोरनळी आणि तिच्या पुढची गावं एकसाथ लाल व्हायची. विचारणा त्यांना व्हायची. त्यांनी कंपनीच्या सुपरवायझरला आणि श्रीशैलला बोलावून घेतलं.

"एकाच जागी केबल तुटते," ते म्हणाले. "आणि प्रत्येक जोडणीचं बिल तुमची कंपनी लावते. मी याचा काय अर्थ घ्यायचा, तुम्हीच सांगा."

सुपरवायझर हसला. श्रीशैलला हसू आलं नाही. साहेब काय म्हणतायत ते त्याला नीट कळलं होतं.

"साहेब, मी जोडणारा माणूस हाय. तोडीन कशाला?"

"जोडण्याचे पैसे मिळतात म्हणून," देशमाने सरळ म्हणाले. "मला तसं वाटतंय असं नाही. पण उद्या मला कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. शुक्रवारी बोरनळीत खास ग्रामसभा लावलीय. तोवर कोण तोडतंय ते शोधा. नाहीतर तुमचं काम थांबवून मला हे प्रकरण पोलिसांत द्यावं लागेल."

बाहेर आल्यावर सुपरवायझरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाचं बी एक नाव दे. पंचनामा होईल, ईषय मिटंल. खामखा आपण कशाला अडकायचं?"

श्रीशैल घरी आला तेव्हा महानंदा मशीनवर ब्लाउजच्या बाह्या लावत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. भिंतीला टेकून बसलेल्या धोंडप्पांनीही ऐकलं.

"नाव देऊन मोकळं व्हा म्हणतोय तो," श्रीशैल म्हणाला.

महानंदानं पायानं मशीन थांबवलं. "तुम्हाला म्हाईत हाय का, कोण तोडतंय?"

"न्हाई."

"मग देणार कुणाचं?"

धोंडप्पा कानडीत एवढंच म्हणाले, की आधी जागेवर जाऊन ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पलीकडच्या गावात एक बॉक्स बदलत होता. काम होऊन लाइन चालू झालेली त्यानं स्वतः पाहिली. तिथून निघाला, चहाला थांबला, तेवढ्यात बब्रुवानचा फोन आला, की परत गेली. श्रीशैलनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडी हाणत ओढ्याच्या पुलापाशी आला. ऊन रणरणत होतं. रस्त्याला कुणी नव्हतं. बांधाच्या कडेला शिवम्मा वाकून खुरप्यानं माती सारखी करत होती. शेजारी तिची कुऱ्हाड पडली होती.

त्यानं गाडी बंद केली. शिवम्मा सरळ उभी राहिली. पळाली नाही, कुऱ्हाड लपवली नाही, खोटंही बोलली नाही.

श्रीशैलच्या तोंडून आपोआप कानडी निघालं. "याकव्वा?" का गं बाई, एवढंच त्यानं विचारलं.

इतके दिवस दोघं मराठीतच बोलत आले होते. घरातली भाषा कानावर पडली आणि तिचा ताठा जरा उतरला. "कूड, तम्मा," ती म्हणाली. बस म्हणाली. दोघं बांधावर बसले आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

तिच्या विहिरीचं पाणी खालच्या तुकड्याला जायला रस्त्याच्या खालून पाइप होता. नवऱ्यानं हयातीत टाकलेला. केबल टाकायला जे खोदायचं मशीन आलं, त्यानं तो पाइप उडवला. तिनं आरडाओरडा केला तेव्हा त्या लोकांनी फुटक्या जागी रबराची ट्यूब गुंडाळली, तार आवळली, माती लोटली आणि गेले. मोटार चालू केली की पाणी रस्त्याखालीच जिरतं. दोन उन्हाळे झाले, खालचा तुकडा पडून होता.

"मंग तुमी कुणाला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. सरपंचाला सांगितलं. तो म्हणला, ते काम आमचं न्हवं. तालुक्याला गेले. तिथं म्हणले, ऑनलाइन तक्रार करा. बब्रुवानकडं आले. त्यानं बिचाऱ्यानं नीट लिहून घेतलं, टाकली तक्रार. महिन्यानं माझ्या फोनवर मेसेज आला. पोराकडनं वाचून घेतला. तक्रार निकाली निघाली म्हणं. मी रानात जाऊन बघितलं. पाइप फुटकाच. परत टाकली. परत मेसेज, निकाली." तिनं खुरपं बाजूला ठेवलं. "बब्रुवान म्हणला, अव्वा, तुमची तक्रार ह्या केबलीतनंच वर जाते. मी म्हणलं, मंग ही केबल माझा पाइप फोडून माझ्या रानातनं गेली, माझं सांगणं घिऊन गेली आन् तिकडं जाऊन बसली. ही माझ्या काय कामाची?"

श्रीशैल ऐकत राहिला. त्याला राग यायला हवा होता. हिच्यापायी त्याच्यावर केबल तोडल्याचा आळ आला होता. पण त्याला आठवत होतं, की केबल टाकली तेव्हा तो या कामावर नव्हता, तरी असे गुंडाळलेले पाइप त्यानं या वाटेवर आणखीही पाहिले होते आणि आपल्या कामाचं नाही म्हणून माती सारली होती.

"पाणी कशाला देत होता मला मग?" त्यानं विचारलं.

"तुझं काय वाकडं होतं? तू उन्हात बसायचास."

त्यानं छत्री लावली, साडी सोडली, केबल जोडली. मग फावडं घेऊन रस्त्याकडंची माती उकरली आणि पाइप पाहिला. ती सांगत होती तसाच होता. "दोन दिवस द्या मला," तो म्हणाला. ग्रामसभेचं, साहेबांचं, पोलिसांचं त्यानं तिला काहीच सांगितलं नाही.

संध्याकाळी त्यानं सुपरवायझरला फोन करून पाइपाचं सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, ते केबल टाकणाऱ्या जुन्या ठेकेदाराचं काम, आपला संबंध नाही. आणि तोडणारा सापडला का? श्रीशैल म्हणाला, "नाव विचारू नका." पलीकडून फोन बंद झाला. महानंदानं मात्र सगळं ऐकून घेतलं. "नाव सांगू नका," ती म्हणाली, "पण म्हाईत न्हाई असं बी म्हणू नका. तसं म्हणलात की तुमच्याच तोंडून तुमच्यावर यील."

शुक्रवारी मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. मांडवाखाली सतरंज्या, एका अंगाला बाया, एका अंगाला गडीमाणसं. टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवलेला. देशमाने बोलायला उठले. गावाची कामं कशी अडतात, बिलं कशी राहतात, हे त्यांनी सांगितलं. मग केबलवर आले.

"हे कुणीतरी मुद्दाम करतंय," ते म्हणाले. "माझ्याकडं दुसरा इलाज राहिलेला नाही. कंपनीचे हे श्रीशैल इथं उभे आहेत. मी सर्वांसमोर विचारतो. श्रीशैल, कोण तोडतंय हे तुम्हाला माहीत आहे का?"

श्रीशैल मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. "म्हाईत हाय, साहेब."

लोकांत कुजबुज झाली.

"मग नाव सांगा."

"नाव सांगणार न्हाई. तुमी माझ्यासंगं चला. जागा दाखवतो. तिथं काय झालंय ते आधी बघा."

देशमान्यांचा चेहरा कडक झाला. "हे बघा, तुम्ही नाव लपवलंत तर तुम्हीही त्यात सामील आहात असं मला लिहावं लागेल. तुमचं काम जाईल. पोलीस तुम्हाला आधी बोलावतील. विचार करून बोला."

"विचार करूनच आलोय, साहेब."

बायांच्या अंगानं कुणीतरी उठलं. शिवम्मा पदर सावरत टेबलापर्यंत आली. तिनं देशमान्यांकडं बघितलं, मग श्रीशैलकडं.

"त्याचं नाव कशाला लिवता?" ती म्हणाली. "केबल म्या तोडली. समद्या येळंला म्याच."

सरपंच खुर्चीत पुढं सरकले. तिनं कुणाला मधे बोलू दिलं नाही. पाइपाचं, रबराच्या ट्यूबचं, तालुक्याच्या खेपांचं, दोन्ही तक्रारींचं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही.

देशमाने बब्रुवानकडं वळले. "यांची तक्रार उघडा."

बब्रुवाननं कॉम्प्युटर चालू केला. केबल त्या दिवशी चालू होती. तक्रार सापडली. देशमाने वाकून वाचत होते. खालच्या शेऱ्यापाशी ते थांबले. मनात वाचून स्क्रीन बंद करणं त्यांना सहज जमलं असतं. ते मोठ्यानं वाचायला लागले. "तक्रार निकाली. शेरा, सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही." मग म्हणाले, "हा शेरा माझ्याच कार्यालयातून मारलाय. जागेवर कुणी गेलेलं नाही."

मागून हरिबा उठला. "साहेब, त्यांचा पाइप फुटला ते खरं आसंल. पर माझ्या बायकोच्या कागदापायी मी तीन खेपा घातल्या. माझा काय गुन्हा होता?"

शिवम्मा त्याच्याकडं वळली. "तुझा न्हाई, हरिबा. तुझं मला मागनं कळलं. कळल्यावर बी मी पुन्यांदा तोडली, त्ये चुकलंच. ऑफिस बंद पडतंय एवढंच माझ्या डोस्क्यात होतं."

हरिबा खाली बसला. त्यानं माफ केलं की नाही, हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही.

देशमान्यांनी पोलिसांत तक्रार दिली नाही. पण शिवम्माला त्यांनी स्पष्ट बजावलं, की पुन्हा तुटली तर मला सोडता येणार नाही.

"पाणी पोचलं तर कशाला तोडू?" ती म्हणाली.

शनिवारी सकाळी श्रीशैल आणि बब्रुवान नवा पाइप आणि जोड घेऊन तिच्या रानात गेले. साहेबांची गाडी आली. त्यांनी खड्ड्यात उतरून वीतभर खोलीवर पडलेली केबल पाहिली, रबराची ट्यूब हातात घेऊन पाहिली. त्यांचे बूट चिखलानं भरले. पाइप बसला, मोटार चालू झाली. खालच्या तुकड्यातल्या पाटात आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. शिवम्मा तिथं उकिडवी बसून बघत राहिली. थोड्या वेळानं उठून म्हणाली, "ह्या जोडापाशी अजून गळतंय बघ." खरंच गळत होतं. श्रीशैलनं तो जोड काढून परत बसवला.

त्यानंतर देशमान्यांनी काही गोष्टी बदलल्या. तालुक्याच्या सभेत त्यांनी सांगितलं, की जागेवर जाऊन फोटो काढल्याशिवाय आणि तक्रार करणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणीही तक्रार बंद करायची नाही. ग्रामसेवकांना घेऊन ते स्वतः केबलच्या वाटेनं चालले. ठिकठिकाणी फुटके पाइप, खचलेले बांध, उकरून ठेवलेल्या पाऊलवाटा सापडल्या. काही दुरुस्त झालं, काही कागदावर राहिलं. काही गावांत तक्रारी अजूनही आधीसारख्याच बंद होतात आणि फोटो भलत्याच जागेचा असतो. पण बोरनळीच्या शिवारात केबल खोल पुरली गेली, खडक फोडून.

श्रीशैलला मात्र याची किंमत मोजावी लागली. कंपनीला त्याचं वागणं आवडलं नव्हतं. सुपरवायझरनं त्याला परंड्याकडं टाकलं. घरापासून जिल्ह्याचं पार दुसरं टोक. म्हाताऱ्या वडिलांना आणि महानंदाला नळदुर्गला ठेवून तो परंड्यात स्टँडजवळ एक खोली घेऊन राहिला. काम तेच होतं, छत्री-साडी तीच होती. पण तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि दिवस-दिवस कानडीचा शब्द कानावर पडायचा नाही. संध्याकाळी तो किल्ल्याच्या खंदकाकडं फिरायला जायचा आणि घरी फोन लावायचा. एकदा धोंडप्पा फोनवर म्हणाले, "नाव सांगितलं असतंस तर घरी असतास." श्रीशैल म्हणाला, "व्हय." मग म्हाताऱ्यानंच विचारलं, जेवलास का.

इकडं त्याच्या जागी आलेल्या माणसाला वाटा माहीत नव्हत्या. केबल तुटली की तो दोन-दोन दिवस येत नसे. बब्रुवाननं पुढच्या गावांतल्या ऑपरेटरांना गाठलं, त्यांनी आपापल्या सरपंचांना. त्या सगळ्या ग्रामपंचायतींनी ठराव करून देशमान्यांकडं पाठवले, की आम्हाला आमचा माणूस परत द्या. देशमान्यांची तोवर बदलीची वेळ आली होती. जायच्या आधी त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, मग फोन केला, मग परत फोन केला. वर्षभरानं श्रीशैल नळदुर्गला परत आला. हुद्दा तोच. परंड्यात असताना लागलेली पाठदुखी तेवढी सोबत आली.

आल्यावर त्यानं एक काम स्वतःच्या मनानं केलं. केबलच्या वाटेवर खुणेला पुरलेले दगड शोधले, त्यांना पिवळा रंग दिला आणि काळ्या रंगानं आपला मोबाइल नंबर लिहिला. अक्षरं महानंदानं काढली, कारण त्याचं अक्षर त्यालाच वाचता येत नाही. ज्याच्या शेतातून केबल जाते, त्याच्याकडं जाऊन तो बसला. पाइप कुठून जातो, बोअर कुठं घ्यायचाय, विहीर कुठं खोदायचीय, हे विचारून घेतलं. काहींनी चहा पाजला, काहींनी दारातूनच वाटेला लावलं.

परवाची गोष्ट. तो जेवायला बसला होता आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडं इंजिनाची घरघर.

"भाऊ, जेसीबीवाला बोलतोय. इथं एका पिवळ्या दगडावर तुमचा नंबर हाय. शेतमालक म्हणतोय चर खोदायचाय. मारू का बकेट?"

"दगडापासून किती लांब हायस?"

"लागूनच हाय की."

"मारू नको. इंजिन बंद कर आन् सावलीला बस. आलोच मी."

त्यानं ताटातली भाकरी संपवली, हात धुतला. महानंदानं दोरीवरची नाड्यांची साडी घडी करून त्याच्या पिशवीत घातली, लागलीच तर असावी म्हणून. त्यानं गाडीला किक मारली आणि निघाला.